तलावाची लेन्स, जंगलाची लेन्स

मिररलेस कॅमेरा घ्यायचा ठरला की मंडळी बॉडीवर महिनाभर वाद घालतात आणि लेन्स दुकानदारावर सोपवतात. खरं तर बॉडी चार-पाच वर्षांत बदलते, लेन्स राहते. ती कोणती घ्यावी हे आपण कुठं उभे राहणार यावर ठरतं. गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातलं बोदलकसा हे समजून घ्यायला फार सोयीचं आहे. इथं १९१७ साली मातीचं धरण बांधून झालेला मोठा तलाव आहे आणि त्याला लागूनच नागझिऱ्याचं जंगल. दोन्हीकडे एकच लेन्स चालते असं सांगणाऱ्याने बहुधा दोहोंपैकी एकच पाहिलेलं असतं.

आधी तलाव. थंडीत बदकं काठाजवळ येत नाहीत, मध्यावर तरंगत राहतात. शंभर मीटर अंतर म्हणजे ती जवळच आहेत असं समजायचं. फुलफ्रेम सेन्सरवर ६०० मिलिमीटरची लेन्स लावली तर एवढ्या अंतरावर चौकटीत साधारण ६ मीटर रुंदीचा तुकडा मावतो. अडई हे बदक असतं ४२ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे त्या रुंदीच्या ७ टक्के. निकॉन झेड ८ चा फोटो ८,२५६ पिक्सेल रुंद असतो. त्यातले पावणेसहाशेच्या आसपास अडईच्या वाट्याला येतात. त्यासाठी १८०-६०० ही जवळजवळ दोन किलोंची लेन्स खांद्यावर वागवायची. आता कॅनन आर ७ घ्या. त्याचा सेन्सर लहान, पण त्यावर पिक्सेल दाटीने बसवलेले. त्याला आरएफ १००-४०० ही ६३५ ग्रॅमची लेन्स लावली की तीच अडई सव्वापाचशे पिक्सेलांची येते. उघड्या उन्हात, काठावरून टिपलेल्या बदकासाठी एवढ्या फरकाकरता तिप्पट वजन आणि कितीतरी जास्त पैसे मोजायला मी तरी कुणाला सांगणार नाही.

याच उजेडामुळे इथं आणखी एक विचित्र लेन्स चालून जाते. जुन्या डीएसएलआरमध्ये फोकस आरशाखालच्या वेगळ्या सेन्सरवर होई आणि लेन्सचं छिद्र एफ ८ पेक्षा बारीक झालं की तो सहसा हात टेकत असे. मिररलेसमध्ये फोटो घेणारा सेन्सरच फोकसही करतो. म्हणून कॅननला २०२० मध्ये ६०० आणि ८०० मिलिमीटरच्या एफ ११ लेन्स काढता आल्या. त्यातली ८०० ची जेमतेम सव्वा किलोची. तलावावर सकाळी आठनंतर ती मजेत काम करते. दुपारी मात्र पाण्यावरची हवा थरथरू लागते, आणि तेव्हा लाखो रुपयांची लेन्ससुद्धा पक्ष्याच्या कडा पुसूनच देते.

हीच ८०० ची लेन्स घेऊन नागझिऱ्याच्या मंगेझरी गेटमधून आत गेलात की पंचाईत. पहाटेच्या फेरीत साग-बांबूच्या सावलीत एफ ५.६ वर आयएसओ ६४०० लागत असेल, तर त्याच शटरला एफ ११ वर २५,६०० लागतो. फोटो येतो, पण दाणेदार. दुसरी अडचण अंतराची. बिबट्या कधी जिप्सीसमोर पंधरा मीटरवरून रस्ता ओलांडतो, आणि ८०० मध्ये तेवढ्यात त्याचं तोंडच मावतं. शिवाय ती लेन्स सहा मीटरच्या आतलं काही पाहूच शकत नाही. जंगलात झूम हवा. परवडत असेल तर ७०-२०० एफ २.८ न्या, नाहीतर मघाची १००-४०० चालेल, मात्र सूर्य वर येईपर्यंत दाणे सोसायचे. जिप्सीत बसून लेन्स बदलणं टाळा. मिररलेसमध्ये सेन्सरपुढे आरसा नसतो. काही बॉडी बंद केल्या की पडदा लावून घेतात, बाकीच्या उघड्याच राहतात, आणि उन्हाळ्यातल्या नागझिऱ्याच्या रस्त्यांची धूळ तर विचारू नका.

निःशब्द शटर हे जंगलात वरदान वाटतं. पण आर ७ सारख्या बॉडीत सेन्सर ओळीओळीने, सावकाश वाचला जातो आणि उडत्या पक्ष्याचे पंख वाकडे येतात. तिथं मेकॅनिकल शटरची टकटक सोसलेली बरी.

सारसाची गोष्ट निराळी. राज्यात हा पक्षी मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरला आहे. धानाच्या बांध्यांतच तो घरटं करतो आणि उंचीला दीड मीटरच्या वर भरतो. त्याला ८०० कशाला हवी? धुऱ्यापासून लांब राहून ३००-४०० मध्ये जोडी, पिवळं धान आणि मागचं गाव एकत्र घ्यावं. नुसता लाल गळा भरून घेतलेला फोटो कुठल्याही प्राणिसंग्रहालयातला वाटू शकतो.

राहिला माउंट, म्हणजे बॉडी आणि लेन्स जिथं जुळतात ते कडं. निकॉनने १९५९ पासूनचा एफ आणि कॅननने १९८७ पासूनचा ईएफ माउंट मागे ठेवून २०१८ मध्ये झेड आणि आरएफ आणले. आरसा गेल्याने लेन्स सेन्सरच्या जवळ आली: निकॉनमध्ये ४६.५ मिलिमीटरवरून १६ वर, कॅननमध्ये ४४ वरून २० वर. सोनीचा ई माउंट २०१० चा, त्यामुळे त्याला सिग्मा-टॅमरॉनच्या लेन्स भरपूर. कॅननने त्यांना आरएफची दारं २०२४ मध्ये किलकिली केली, तीही लहान सेन्सरच्या लेन्सपुरती. नव्याने सुरुवात करणाऱ्याने बॉडीच्या आधी ही लेन्सची यादी पाहावी.

घरात जुन्या लेन्स असतील तर विकायची घाई नको. कॅननच्या ईएफ लेन्स अ‍ॅडॉप्टरवर जवळपास पूर्वीसारख्याच चालतात. निकॉनची २००-५०० सुद्धा चालते, कारण फोकसची मोटर तिच्यातच आहे. पण निकॉनचीच पहिली ८०-४०० बॉडीतल्या स्क्रूवर फिरायची, आणि एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमध्ये तो स्क्रू नाही. तिचा फोकस हातानेच करावा लागतो. बोदलकशाहून परतताना एखाद्या गावच्या बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, थांबलात, तर कमळाच्या पानांवरून सावकाश चालणाऱ्या कमळपक्ष्याला तेवढंही पुरतं.