दार, घर आणि गो भाषेचं कुंपण

ऑस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी घडवलेल्या सिम्युला ६७ या भाषेत क्लास जन्माला आला. नमुना एकदाच लिहायचा आणि त्याबरहुकूम हवे तितके ऑब्जेक्ट तयार करायचे. वस्तू कशी वागणार ते क्लासने ठरवलं. पण तिचं कुठलं नाव बाहेरच्यांना दिसावं, कुठलं दिसू नये? हे कोणी ठरवायचं यावर भाषांचं आजवर एकमत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

जावात क्लास म्हणजे माणूस आणि पॅकेज म्हणजे त्याची आळी. काही न सांगता लिहिलेली गोष्ट आळीपुरतीच राहते. नावांवरून एक पॅकेज दुसऱ्याच्या पोटात आहे असं वाटतं, पण जावाच्या लेखी दोघांचा काडीचाही संबंध नसतो! पायथनमध्ये सगळा विश्वासाचा कारभार: नावाआधी अधोरेषा दिसली की शहाण्याने हात लावू नये.

पर्ल ५ ने तर १९९४मध्ये वेगळा क्लास केलाच नाही. नुसती नावं सांभाळणारं पॅकेजच क्लास म्हणून कामाला लावलं. एखादा साधा हॅश घ्या, पॅकेजचं नाव देऊन त्याला ‘ब्लेस’ करा, झाला ऑब्जेक्ट. यापुढे त्याच्या मेथड त्या पॅकेजमध्ये शोधल्या जातात. मला ही युक्ती जुगाड वाटते आणि म्हणूनच आवडते. ‘क्लास’ हा शब्द पर्लमध्ये २०२३मध्ये आला, तोही प्रायोगिक म्हणून.

२००९मध्ये जाहीर झालेल्या गो भाषेत क्लासच नाही. कुंपण फक्त पॅकेजचं, आणि फाटक उघडतं पहिल्या अक्षरावर: कॅपिटल असेल तर नाव बाहेर दिसेल, नाहीतर आतच. नियम इतका आटोपशीर की हेवा वाटावा. पण देवनागरीत कॅपिटल अक्षरं कुठून आणायची? ‘घर’ हे नाव गोला चालतं, पण दुसऱ्या लिपीतलं कॅपिटल अक्षर पुढे जोडल्याशिवाय ते पॅकेजबाहेर पडू शकत नाही. ‘दार’ तर मुळातच चालत नाही, कारण काना हे गोच्या हिशेबी अक्षरच नव्हे. पायथन ३ मध्ये मात्र ‘खिडकी’ नावाचा क्लास वेलांट्यांसकट बिनतक्रार चालतो.