स्वातंत्र्य केव्हां मिळालें?

हा प्रश्न वर्गांत विचारला असतां सर्व हात एकदम वर होतात आणि 15 ऑगस्ट 1947 हें उत्तर येतें. उत्तर बरोबर आहे. परंतु पुरें नाहीं. परकी अंमलाचा शेवट सामान्य माणसाच्या दारीं केव्हां पोंचला, हें पाहूं गेल्यास आपल्याच परिसरांत निरनिराळ्या तारखा आढळतात.

आपल्या नातेपुत्याच्या पश्चिमेस कांहीं कोसांवर फलटणचें संस्थान होतें. ज्ञानोबारायांची पालखी फलटण व बरड येथील मुक्काम आटोपून धर्मपुरीवरून आपल्या गांवीं येते. वारकऱ्याची वाट एकच. परंतु ती नाईक निंबाळकरांच्या राज्यांतून निघून इंग्रजी मुलखांत येत असे. 8 मार्च 1948 रोजीं फलटण मुंबई प्रांतांत विलीन झालें, तेव्हां ही हद्द मावळली.

आतां आपल्या जिल्ह्याच्या शहराकडे वळूं. गांधीजींस अटक झाल्यावर मे 1930 मध्यें गिरण्यांचें सोलापूर खवळून उठलें. गोळीबार झाला, लष्करी कायदा आला. डोक्यावर गांधी टोपी घालणें हाहि अपराध ठरला. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांस 12 जानेवारी 1931 रोजीं येरवड्यास फांशी दिलें. अशी किंमत देणाऱ्या शहरावर 1947 सालीं तिरंगा चढला. पण पूर्वेस निजामाचें राज्य तसेंच उभें होतें. रझाकारांच्या भयानें तिकडील कुटुंबें सोलापुराच्या आश्रयास आलीं. त्यांचें स्वातंत्र्य, 13 सप्टेंबर 1948 रोजीं फौजा सोलापुराहून नळदुर्गाच्या वाटेनें निघाल्यावर, 17 तारखेस उजाडलें.

याहून उशीर त्याच शहरांतील तारेच्या कुंपणाआड झाला. 1871 पासूनच्या कायद्यानें कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या होत्या. त्यांतील कुटुंबें सोलापुराच्या 'सेटलमेंट'मध्यें डांबलीं गेलीं. त्यांना हजेरी चुकत नसे. परवान्यावांचून बाहेर जाण्याची मुभा नसे. मुंबई प्रांतानें हा कायदा 1949 मध्यें काढून टाकला. देशांतून तो 31 ऑगस्ट 1952 रोजीं गेला. कायदा गेला, तरी कपाळींचा डाग सहजासहजीं पुसला गेला नाहीं.

येथें एक गोष्ट आम्ही ख्रिस्ती जनांनीं नम्रपणें आठविली पाहिजे. देशांतील अशा कांहीं वसाहतींचा कारभार मिशनांच्या हातीं होता. हेतु सुधारणेचा असेल; परंतु शेजाऱ्याच्या दाराची किल्ली आपल्या कमरेस असतां 'शेजाऱ्यावर प्रीति करा' ही आज्ञा पुरती पाळली गेली, असें म्हणवत नाहीं.

म्हणून, विद्यार्थिमित्रांनो, 15 ऑगस्ट ही तारीख अवश्य पाठ करा. त्यानंतर घरीं जाऊन आजी-आजोबांस विचारा, 'आपल्या घरीं स्वातंत्र्य केव्हां आलें?' त्यांनीं आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली तारीख कदाचित् निराळी असेल. ती लिहून ठेवा. कारण ज्याचें कुंपण शेवटीं निघालें, त्याच्या दारीं उभें राहिल्यावरच देशाचें स्वातंत्र्य पुरें कळतें.