पुस्तकं पन्नास, लेखक तेच पाच! नवा आवडता लेखक सापडतो तरी कुठे?

डिसेंबर आला की इन्स्टाग्रामवर पुस्तकांच्या थप्प्या दिसू लागतात. 'यंदा वाचलेली पुस्तकं' म्हणून टाकलेल्या या फोटोंत पुलं, वपु, 'मृत्युंजय' आणि सवयी बदलायला सांगणारं एखादं भाषांतर हमखास असतं. त्यात वाईट काही नाही. पण वर्षभर वाचूनही एकही नवा लेखक आपलासा होत नसेल, तर?

दोष दरवेळी वाचकाचाच नसतो. ऑनलाइन दुकानं आणि रील्स जे आधीच गाजलंय तेच पुन्हा पुढे करतात. ग्रंथालयात पुस्तकं बंद कपाटात असतील, तर काउंटरवर नाव सांगावं लागतं. आणि ज्याचं नावच ऐकलेलं नाही, तो लेखक मागणार कसा? भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं मांडली. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हे त्यातलंच एक. वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊ द्या, हा त्यांचा आग्रह त्यातूनच आला.

कपाट उघडं नसेल तर दुसरी युक्ती आहे: लेखकाऐवजी जिल्हा शोधायचा. सोलापूरचंच बघा.

मारुती चितमपल्ली यांचा जन्म १९३२ चा, सोलापूरचा. आयुष्यातला मोठा काळ वनखात्याच्या नोकरीत, विदर्भाच्या जंगलांत गेला. कावळ्यांच्या वसाहतीसाठी 'काकागार', बगळ्यांसारख्या पक्ष्यांच्या विणीच्या जागेसाठी 'सारंगागार' असे शब्द त्यांनी मराठीला दिले. २००६ मध्ये सोलापुरातच भरलेल्या ७९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये सोलापुरातच त्यांचं निधन झालं. अनेकांच्या फीडमध्ये त्यांचं नाव पहिल्यांदा आलं ते श्रद्धांजलीच्या पोस्टमधून! त्यांचा 'पक्षीकोश' मोलाचा, पण सुरुवात त्याने करू नये. आधी 'रानवाटा', मग 'चकवाचांदण' हे आत्मचरित्र. दुसरं पुस्तक स्वतःहून शोधावंसं वाटलं, की समजायचं, लेखक आवडलाय.

तिथून अक्कलकोट तालुक्यात जाऊ. हन्नूर हे शरणकुमार लिंबाळे यांचं गाव. १९८४ चं त्यांचं 'अक्करमाशी' जेमतेम एका बैठकीचं पुस्तक, पण भूक आणि जात यांबद्दल ते जे सांगतं, ते वाचून बैठक मोडते. 'सनातन' या कादंबरीसाठी त्यांना २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला. त्याआधी तो मिळालेले मराठी लेखक म्हणजे विजय तेंडुलकर आणि महेश एलकुंचवार.

करमाळा तालुक्यातल्या नेरल्याचे डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी वडिलांच्या जागी आईचं नाव लावलं. तमाशात नाचणाऱ्या बायकांच्या घरात वाढून डॉक्टर होण्याची गोष्ट त्यांनी 'कोल्हाट्याचं पोर' मध्ये लिहिली. २००७ मध्ये अपघातात ते गेले.

तीन लेखक, एक जिल्हा, आणि तिघांची मराठी एकमेकांपासून कोसभर लांब.

सोलापूरकरांच्या हातात आणखी एक किल्ली आहे. इथल्या कित्येक घरांत कन्नड किंवा तेलुगू बोलली जाते, पण शाळा मराठी असल्याने लिपी येत नाही. आजीची भाषा कानाला कळते, डोळ्यांना नाही. अशांनी पुस्तकावर अनुवादकाचं नाव बघावं. एस. एल. भैरप्पांचं 'पर्व' आवडलं असेल, तर ते मराठीत आणणाऱ्या उमा कुलकर्णी यांची बाकीची पुस्तकं काढा. त्या वाटेवर शिवराम कारंत भेटतात. गंमत म्हणजे उमाताईंचं कामही कानांनीच चालत आलं आहे. पती विरुपाक्ष कन्नड मजकूर वाचून टेप करायचे आणि त्या ऐकून मराठीत लिहायच्या. 'वंशवृक्ष'च्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

म्हणून पुढच्या वेळी ग्रंथालयात गेलात तर चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहू नका. काउंटरवरच्या ताईंना किंवा काकांना विचारा, "आपल्या जिल्ह्यातल्या लेखकांचं काय काय आहे?" कपाटाची किल्ली त्यांच्याकडेच असते.