वर्ष सरले, शरीराचा हिशेब बाकी

मराठवाड्यातल्या जुन्या माणसाला घरातल्या एखाद्या गोष्टीची साल विचारली, तर तो सहसा आकडा सांगत नाही. ‘रझाकाराच्या वेळी आमचं गाव सुटलं’, ‘बहात्तरच्या दुष्काळात विहीर खांदली’, ‘भूकंपाच्या आदल्या साली थोरलीचं लग्न झालं’, असे उत्तर येते. लातूर शहरात या खुणांमध्ये अलीकडे आणखी एकीची भर पडली : ‘रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी’. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिणींमधून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी लातूरला पोहोचली. त्या उन्हाळ्यात जन्मलेल्या मुलाचे वय आजही तिच्यावरून मोजले जाते.

ही केवळ बोलण्याची लकब नाही, स्मरणशक्तीची ती कामाची पद्धत आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरनिराळ्या देशांतील लोकांना आयुष्यातल्या साध्यासुध्या आठवणींचा काळ सांगायला लावला. १९९९ चा भूकंप सोसलेल्या तुर्कस्तानातील इझमितचे आणि युद्धातून गेलेल्या बोस्नियाचे लोक आपल्या खासगी आठवणीही भूकंप आणि युद्धावरून सांगत होते. न्यूयॉर्कचे रहिवासी मात्र ११ सप्टेंबरच्या हल्ल्याचा आधार फारसा घेत नव्हते. हल्ला सगळ्या जगाला ठाऊक होता, पण त्यानंतर बहुतेकांचे घर, काम, रस्ता, शेजारी तेच राहिले. घटना किती मोठी होती, यापेक्षा तिने रोजचे जगणे किती बदलले, यावर मन खुणेचा दगड रोवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत जमीन हादरली आणि लातूर-उस्मानाबादमधली ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. तिथे घर, गल्ली, शेजार, देऊळ सारेच बदलले. म्हणून ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे आयुष्याचे दोन भाग झाले.

घराघरांतली अशी वर्षे मात्र बातमीत येत नाहीत. नोकरीतली बदली, निवृत्ती, लग्न, घटस्फोट, धंदा बंद पडणे, मुलीचे शिक्षणासाठी दूर जाणे यांतल्या दोन-तीन गोष्टी एकाच वर्षात आल्या, की त्या घराचा तो छोटा भूकंपच असतो. वर्ष उलटल्यावर मागे वळून पाहताना माणूस म्हणतो, ‘तसं वाईट काहीच झालं नाही, तरी अंगात त्राण का राहिलं नाही?’ या प्रश्नाला विज्ञानाकडे बऱ्यापैकी उत्तर आहे.

चांगल्या बदलाचेही ओझे

१९६७ मध्ये थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी डॉक्टरांनी आयुष्यातील ४३ घटनांची एक यादी केली. प्रत्येक घटनेनंतर जुळवून घ्यायला किती कष्ट पडतात, त्याप्रमाणे गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, नोकरी जाणे ४७, निवृत्ती ४५. नवल म्हणजे लग्नालाही ५० गुण आहेत आणि मोठे वैयक्तिक यश मिळण्याला २८. आनंदाची घटनासुद्धा नवी दिनचर्या, नवी माणसे, नव्या अपेक्षा घेऊन येते आणि शरीराला तिच्याशीही जुळवून घ्यावे लागते.

नांदेड-लातूरच्या वाचकाला ओळखीचे उदाहरण घेऊ. दहावी झालेला मुलगा जूनमध्ये गाव सोडून लातूरला ‘नीट’च्या तयारीसाठी येतो. शाळा संपून कॉलेज सुरू होणे २६, राहणीमान बदलणे २५, घर बदलणे २०, शिक्षणसंस्था बदलणे २०, खेळ-करमणूक बदलणे १९, मित्रमंडळी आणि गाठीभेटी बदलणे १८, झोपेच्या वेळा बदलणे १६, घरच्यांसोबतचे सण-कार्यक्रम कमी होणे १५, मेसमुळे जेवण बदलणे १५. बेरीज १७४. होम्स-राहे यांच्या पट्टीवर १५० च्या पुढे आजारपणाचा धोका मध्यम, तर ३०० च्या पुढे जास्त मानला जातो. या मुलाच्या आयुष्यात एकही दुःखद घटना घडलेली नाही. उलट ‘लातूरला नंबर लागला’ म्हणून पेढे वाटले गेलेत. तरीही शरीराच्या वहीत १७४ ची नोंद आहे.

आता त्याच घरातल्या आईकडे पाहू. मुलाच्या डब्यासाठी ती लातुरात खोली करून राहते. वडील नोकरीपायी नांदेडलाच असतात आणि शनिवार-रविवारी एसटीने ये-जा करतात. धाकटी मुलगी आजीपाशी. घर बदलले, माणसे पांगली, खर्च दुप्पट झाला, पण परीक्षा एकट्या मुलाची आहे असे सगळे धरून चालतात. त्यामुळे आईची मोडलेली झोप, वडिलांचा वाढलेला रक्तदाब, धाकटीचे गप्प होणे यांचा कुणी हिशेब ठेवत नाही.

ही पट्टी भविष्य सांगणारी पत्रिका नव्हे. राहे यांनी पुढे अमेरिकी नौदलातील सुमारे अडीच हजार खलाशांवर तिचा पडताळा घेतला. जास्त गुण आणि जास्त आजार यांचा संबंध आढळला, पण तो क्षीण होता. ज्याला सोबत आहे, पुरेशी झोप आहे आणि बदल स्वतःच्या मर्जीने केलेला आहे, त्याला तेवढेच गुण कमी जाचतात. पट्टीचा खरा उपयोग मागे वळून पाहताना होतो. ‘मीच कमकुवत’ असे म्हणण्याआधी ‘वर्षभरात काय काय बदलले’ हे ती मोजायला लावते.

शरीरात काय घडते

बदल म्हणजे अनिश्चितता, आणि अनिश्चितता दिसली की मेंदू शरीराला सज्ज ठेवतो. ॲड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, नाडी वेगाने चालते, रक्तात साखर सोडली जाते. ही व्यवस्था थोड्या वेळेपुरती उत्तम आहे. अडचण होते ती सज्जतेचा आदेश मागे न घेतल्यावर. सर्वसाधारणपणे कॉर्टिसॉल पहाटे-सकाळी वर असते आणि रात्री उतरते. रात्री एकपर्यंत अभ्यासिका, पहाटे पाचचा गजर आणि मध्ये मोबाइल, अशा दिनक्रमात ही लय बिघडते. मग पित्त, डोकेदुखी, वारंवार सर्दी, पाळी अनियमित होणे, वजन घटणे किंवा वाढणे अशा तक्रारी सुरू होतात.

ब्रूस मॅक्इवेन आणि एलियट स्टेलार या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये या साचत जाणाऱ्या झिजेला ‘ॲलोस्टॅटिक लोड’ असे नाव दिले. जुळवून घेण्याची किंमत, असा त्याचा सोपा अर्थ. ट्रॅक्टर चढावर जोरात चालवला तर बिघडत नाही, पण इंजिन दिवसरात्र बंदच केले नाही तर झिजते. तसेच हे आहे.

यात वाट पाहण्याचा काळ सर्वांत महागडा ठरतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ मध्ये ४५ जणांवर एक प्रयोग केला. संगणकावरच्या खेळात दगडाखाली साप निघाला तर हाताला सौम्य विजेचा झटका बसे. झटका बसणारच, हे पक्के माहीत असलेल्यांपेक्षा ‘बसेल की नाही’ याची शक्यता निम्मी-निम्मी असलेल्यांचा ताण अधिक निघाला. निश्चित वाईटापेक्षा अनिश्चित वाईट मेंदूला जड जाते.

२०२४ च्या उन्हाळ्यात लाखो घरांनी हे अनुभवले. ५ मे रोजी ‘नीट’ झाली, ४ जूनला निकाल लागला. मग वाढीव गुणांचा वाद, पेपरफुटीचे आरोप, लातूरपर्यंत पोहोचलेला तपास, १,५६३ विद्यार्थ्यांना फेरपरीक्षेचा पर्याय. फेरपरीक्षा सर्वांचीच होणार का, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलैला ‘नाही’ असे दिले. त्या सात आठवड्यांत पुस्तक उघडावे की मिटावे, हेच मुलांना कळत नव्हते. परीक्षेच्या तयारीपेक्षा ही वाट पाहणी अधिक थकवणारी ठरली असेल, तर त्यात नवल नाही.

मागे पाहण्याच्या दोन रीती

वर्ष संपल्यावर मन आपोआप हिशेबाला बसते, पण तो हिशेब दोन रीतींनी होतो. मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-होक्सेमा यांच्या गटाने २००३ मध्ये हा फरक नेमका मांडला. एक रीत कुढण्याची : ‘माझ्याच वाट्याला हे का?’, ‘इतरांना जमलं, मला का नाही?’ दुसरी विचार करण्याची : काय घडले, कोणत्या क्रमाने घडले, पुढे काय करता येईल. त्या अभ्यासात कुढण्याचा संबंध कालांतराने वाढणाऱ्या नैराश्याशी दिसला, तर शांतपणे विचार करण्याचा संबंध ते कमी होण्याशी.

कुढण्याला खतपाणी घालणारा आणखी एक खोट स्मरणशक्तीत आहे. निकाल कळला, की तो आधीपासूनच दिसत होता असे वाटू लागते. बारूक फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रयोगातून हे दाखवून दिले. ‘दिवाळीतच कळायला हवं होतं’, ‘बदली नाकारायलाच हवी होती’, ‘मी तेव्हाच म्हणाले होते’, ही घराघरांतली वाक्ये याच खोटीतून येतात. ज्या दिवशी निर्णय घेतला त्या दिवशी हातात कोणती माहिती होती, हे आठवले तर निम्मा दोषारोप गळून पडतो.

त्यासाठी कागद-पेन कामी येते. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये काही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनाला लागलेल्या घटनांविषयी लिहायला सांगितले. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, ते पुढच्या काही महिन्यांत आरोग्य केंद्रात कमी वेळा गेले. २००६ मध्ये अशा १४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा लाभ दिसला, पण लहान. म्हणजे लिहिणे हे औषध नव्हे, पण ते फुकट आहे आणि बहुतेकांना सोसते. लिहून फार अस्वस्थ वाटत असेल तर मात्र थांबावे.

लिहिताना तीन रकाने पाडावेत. पहिल्यात वर्षभरात बदललेल्या गोष्टी महिन्यांप्रमाणे, चांगल्याही आणि वाईटही. दुसऱ्यात त्यांतल्या किती आपल्या हातात होत्या. तिसऱ्यात काय टिकून राहिले : रोजचा फोन करणारी मैत्रीण, आजोबांसोबतचा चहा, सकाळचे फिरणे. तिसरा रकाना सहसा रिकामा वाटतो, पण शोधल्यावर भरतो. पुढच्या वर्षी बदलांचा मारा असेल, तर निदान झोपेची वेळ, एक जेवण आणि एक माणूस हे तिन्ही पक्के ठेवावेत. सगळेच एकदम बदलू नये. रिपीटर वर्ष करायचे ठरले असेल तर त्याच महिन्यात खोली, क्लास आणि मित्र तिन्ही बदलण्याची घाई टाळावी.

पुढचे पान कोरेच असते

‘हे वर्ष गेले म्हणजे सगळे गेले’ हे वाटणे अठराव्या वर्षी फार तीव्र असते. २०१३ मध्ये १८ ते ६८ वयाच्या १९ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या अभ्यासात एक गंमत आढळली. मागच्या दहा वर्षांत आपण खूप बदललो, हे प्रत्येक वयाच्या माणसाला मान्य होते. पण पुढच्या दहा वर्षांत तेवढे बदलू, असे फारसे कुणालाच वाटत नव्हते. आज जी आवड, जे ध्येय, जी ओळख अंतिम वाटते, ती बहुधा अंतिम नसते. डॉक्टरकीची जागा हुकलेल्या मुलाला हे पटवून देता येत नाही, पण आई-वडिलांनी ते स्वतः मानले तर घरातला आवाज बदलतो.

थकवा आणि आजार यांतली रेषाही ओळखायला हवी. सलग दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास, कशातच रस नाही, झोप व भूक बिघडलेली, अपराधीपणाची भावना, अभ्यासात किंवा कामात लक्षच नाही, असे असेल तर ते ‘नाटक’ किंवा ‘आळस’ नव्हे. डॉक्टरांना दाखवावे. नांदेडच्या विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण आणि लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराची सोय आहे. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. मरणाची भाषा कुणी थट्टेत जरी केली, तरी त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी.

किल्लारीची माणसे आज भूकंपाआधीचे आणि नंतरचे, दोन्ही सांगतात. ‘नंतरचे’ सांगताना त्यात नवी घरे येतात, लग्ने येतात, नातवंडे येतात. घरातल्या छोट्या भूकंपाचेही तसेच असते. या जूनमध्ये लातुरातली खोली आवरून नांदेडला परतणाऱ्या एखाद्या आईने सामान लावण्याआधी दोन रात्री नीट झोप घेतली, तर वर्षाचा हिशेब मांडण्याची ती चांगली सुरुवात ठरेल.