गाठ फोडून पाहा

सोयाबीन महिना-सव्वा महिन्याचं झालं, की अमरावती-अकोल्याकडच्या कुठल्याही वावरात जाऊन एक झाड मातीच्या ढेकळासकट खणून काढावं. ओढून उपटलं तर पाहायचं तेच मातीत राहतं. मुळं पाण्यात हलकेच धुतली की बारीक गोल गाठी दिसतात. त्यातली एक नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल निघाली, तर झाडाचा खत कारखाना चालू आहे.

हवेत 78 टक्के नत्र आहे. पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात, की झाडाला ते घेता येत नाही. युरियासाठी लागणारा अमोनिया करताना कारखान्यात 400 अंशांच्या आसपास उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. गाठीतले रायझोबियम जिवाणू हीच जोडी जमिनीच्या साध्या उबेत फोडतात, नायट्रोजिनेज नावाच्या विकराच्या जोरावर. मोबदल्यात झाड त्यांना साखर पुरवतं. प्राणवायू जास्त झाला तर हा विकर निकामी होतो. म्हणून गाठीतलं लेगहिमोग्लोबिन प्राणवायू बेताबेताने सोडतं. लाल रंग त्याचाच. गाठ आतून हिरवट किंवा तपकिरी असेल, तर तिचं काम थांबलेलं असतं.

या जिवाणूंचं सोयरपण ठरलेलं असतं. हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनला चालत नाही, म्हणून बियाण्याला चोळायच्या जिवाणू संवर्धनाच्या पाकिटावरचं पिकाचं नाव आधी वाचावं. पऱ्हाटी आणि ज्वारीला अशा गाठी येतच नाहीत. त्यांच्यासाठी जमिनीत मोकळा राहणारा अझोटोबॅक्टर वापरतात, पण त्याच्याकडून मिळणारं नत्र बेताचंच.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात अशी संवर्धनं तयार होतात. साधारण 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम पुरतं. गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळावं; सोयाबीनचं टरफल नाजूक, पाणी जास्त झालं की सुटतं. बुरशीनाशक आधी, संवर्धन शेवटी. बियाणं सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावं. पाकीट तापत्या टिनाखाली ठेवलं, तर पेरणीआधीच जिवाणू मेलेले असतात.

पेरल्यावरही दोन गोष्टी आड येतात. काळ्या जमिनीत पाणी साचलं की गाठी गुदमरतात, आणि युरिया भरपूर मिळाला की झाड गाठी धरायचाच कंटाळा करतं. तेव्हा सोयाबीनसाठी युरियाची गोणी आणण्याआधी चार झाडं खणा, गाठी फोडा, आणि मगच ठरवा.