काडतूस, काटा आणि हजार यार्ड

भाषा शिकविणाऱ्यांनी बंदुकीविषयी लिहावे याचे आपणांस नवल वाटेल. आम्ही रायफल कधी हाती धरलेली नाही. आमचे कुतूहल आहे ते तिच्यामागे असलेल्या नाजूक काट्याविषयी.

बंदूक तीच, नेमबाज तोच, वाराही पडलेला. तरीही हजार यार्डांवरील, म्हणजे सुमारे ९१४ मीटरांवरील फलकावर दोन गोळ्या एकाच जागी लागत नाहीत. असे का व्हावे? सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगाने सुटलेल्या रायफलच्या गोळीस तेवढे अंतर काटण्यास दीड सेकंदाहून अधिक काळ लागतो. तेवढ्या अवधीत गुरुत्वाकर्षण तिला नळीच्या रोखापासून दहा मीटरांहूनही अधिक खाली ओढते. दुसरी गोळी केवळ दहा मीटरांनी मंद सुटली, तर ती वाटेत अधिक रेंगाळते, अधिक पडते आणि पहिलीच्या खाली सुमारे एक फुटावर लागते. अमेरिकेतील या अंतराच्या स्पर्धांत दहा गुणांचे वर्तुळ २० इंच व्यासाचे असते. त्यात एक फूट म्हणजे केवढा!

हा वेग ठरतो काडतुसात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी, एवढाच तो संसार. काही देशांत हौशी नेमबाज वापरलेल्या पुंगळ्या घरी पुन्हा भरतात. पुंगळ्यांची लांबी ते सारखी करतात, प्रत्येक गोळी सारखीच खोल बसवितात आणि दारू ग्रेनच्या दहाव्या हिश्शापर्यंत तोलतात. आपल्या सोनाराची गुंज जवळजवळ दोन ग्रेन भरते. त्यावरून हा हिस्सा किती बारीक ते ताडावे. छापील कोष्टकातील कमाल मर्यादा ओलांडली तर नळी फुटून जीवावर बेतते. आपल्याकडे तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवान्यावाचून काडतुसे बनविणे हा गुन्हाच आहे.

खरी कसोटी पुढे असते. निरनिराळ्या वजनांची दारू भरून नेमबाज प्रत्येकीच्या थोड्या गोळ्या झाडतो. एखाद्या वजनाच्या तीन गोळ्या अगदी लगटून लागतात आणि 'सापडले!' असे त्याला वाटते. परंतु तीन गोळ्या योगायोगानेही जवळ पडतात. तेच वजन दुसऱ्या दिवशी वीस वेळा झाडले, की तो गुच्छ बहुधा पसरतो. एका चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळवून पुस्तक मिटणारे विद्यार्थी आम्ही पाहिलेले आहेत, म्हणून या नेमबाजाची आम्हांस कीव येते.

आणि काट्यालाही न तोलता येणारे काही असतेच. २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर येथे आयर्लंड व अमेरिका यांच्या सहा-सहा नेमबाजांचा ८००, ९०० आणि १००० यार्डांवर सामना झाला. आयरिश संघ तोंडाकडून भरावयाच्या रायफली घेऊन आला होता, अमेरिकनांच्या मागून भरावयाच्या होत्या. अखेरची गोळी उरली तेव्हा आयर्लंड एका गुणाने पुढे होते. ती झाडावयाची होती जॉन बोडाइन यांना, आणि थोड्याच वेळापूर्वी पेयाची बाटली फुटून त्यांचा हात कापला होता. हाताला रुमाल बांधून त्यांनी मध्यबिंदू वेधला. ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी अमेरिका जिंकली.

त्याच सामन्यात मिल्नर या आयरिश नेमबाजाची एक गोळी नेमकी मध्यबिंदूवर बसली होती. मध्यबिंदूला तेव्हा चार गुण असत. मिल्नर यांना मात्र शून्य मिळाले, कारण तो फलक शेजारचा होता.