पाबळचं वर्कशॉप

बेळगावात 1888 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचं दुकान काढलं. इथंच पुढं लोखंडी नांगर तयार झाला; पण लोखंडानं जमीन नासेल, या भीतीनं शेतकरी तो घेईनात. वस्तू बनवणं एक, ती गिऱ्हाइकाच्या गळी उतरवणं दुसरं. बेळगावच्या खडेबाजारातल्या कुठल्याही दुकानदाराला हे वेगळं सांगायला नको!

वस्तू बनवण्याचं आणि तिचा हिशेब मांडण्याचं शिक्षण राहून घ्यायचं तर पुणे जिल्ह्यातलं पाबळ गाठावं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली तिथं विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत पीएच.डी. केलेला, हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधन केलेला हा माणूस दुष्काळी गावात शाळा सुटलेल्या पोरांना वेल्डिंग शिकवत बसला. निवासी अभ्यासक्रम साधारण वर्षभराचा. वर्कशॉप, शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, अन्नप्रक्रिया असं सगळं पाळीपाळीनं करायचं.

2002 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीनं इथं फॅबलॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, आली. संगणकावर चौकोनी डबीचं चित्र काढायचं आणि लेसरनं ॲक्रिलिक कापायचं. नव्या पोराची पहिली डबी बहुधा सैल बसते, कारण लेसरची रेघही थोडा माल खाते. मग माप केसभर वाढवून पुन्हा कापायचं. पुस्तकातला टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, असा बोटांना कळतो.

शेवटी वहीत हिशेब: माल किती, वीज किती, मजुरी किती. बहुतेकांना डबीपेक्षा हेच जड जातं.